गाडीने आपला नंबर सांगावा

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही गजबजलेल्या बसथांब्यावर पाच-सात मार्गांच्या गाड्या लागतात. गाडी येते, थांब्याच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे, कधी आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या मागे थांबते, चार माणसे उतरतात, सहा चढतात आणि डबल बेल मिळते. सगळा कारभार काही सेकंदांचा. तेवढ्यात डोळस प्रवासी तीन गोष्टी एका नजरेत उरकतो: गाडी कोणती आहे, तिचे दार कुठे आहे आणि ती अजून उभी आहे की निघाली. दृष्टिहीन प्रवासी अडतो तो नेमका इथे. घरापासून थांब्यापर्यंतचा रस्ता त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. पदपथ कुठे संपतो, रिक्षा कुठे उभ्या असतात, कुठल्या दुकानाचे शटर कुठल्या बाजूला वाजते हे काठीला आणि कानाला ठाऊक असते. कोणत्या नंबरची गाडी कुठून कुठे जाते, हे तर रोजचा प्रवासी कुणाला न विचारता सांगेल. राहतात ती शेवटची दहा पावले आणि शेवटचे दहा सेकंद. दृष्टिहीनांना वाट दाखवणाऱ्या तंत्रज्ञानाबद्दल गेली काही वर्षे जे लिहिले-बोलले जाते, त्यातले बहुतेक या दहा पावलांच्या आधीच थांबते. माझे म्हणणे असे की ही दहा पावले प्रवाशाच्या खिशातल्या यंत्रावर सोपवून मोकळे होता येणार नाही. ती गाडीची आणि फलाटाची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडण्याचे साधन जगात निदान एका शहरात कित्येक वर्षे रोजच्या वापरात आहे.

2011च्या जनगणनेत दृष्टिदोषामुळे अपंगत्व आलेल्यांची संख्या देशात सुमारे 50 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे पावणेसहा लाख नोंदली गेली. वयोमानाने नजर मंदावलेले, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेले, संध्याकाळी दिवे लागल्यावर पाटी वाचू न शकणारे या आकड्यात क्वचितच येतात. या प्रवाशांसाठी आपल्याकडे सार्वजनिक वाहतुकीने आजवर मुख्यतः एकच गोष्ट मनापासून केली, ती म्हणजे भाड्यातली सवलत. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत मिळते, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. त्या सवलतीवर कित्येकांची शिक्षणे झाली, नोकऱ्या टिकल्या. पण सवलत गाडीत चढलेल्याला मिळते. समोर उभी असलेली गाडी आपली आहे हे कळण्यासाठी तिचा काही उपयोग नाही. भाडे माफ करणे हा खजिन्याचा निर्णय असतो आणि तो एका परिपत्रकाने होतो. गाडी कोणती ते कळवणे हा सेवेचा भाग आहे आणि तो दर थांब्यावर, दर फेरीला, पावसात आणि गर्दीत पार पाडावा लागतो. म्हणून पहिले झाले आणि दुसरे राहिले.

मधल्या काळात फोन आला आणि त्याने बरेच काही बदलले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा फोन आता मराठीही बोलतो. 2019 पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांवर ठावठिकाणा कळवणारे यंत्र बसवणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. मुंबईत बेस्टची गाडी किती दूर आहे हे ‘चलो’ अ‍ॅपवर पाहता येते, म्हणजे पडदा वाचणाऱ्या सोयीमुळे ऐकताही येते. थांब्यावर अर्धा तास ताटकळताना पुढच्या गाडीचा काहीही पत्ता नसणे आणि ती आठ मिनिटांवर आहे हे कळणे यांत मोठा फरक आहे. त्यामुळे फोनच्या विरोधात बोलण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो फोन कुठपर्यंत पुरतो याचा, आणि त्याचे उत्तर बऱ्यापैकी नेमके मिळालेले आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ‘ऑल अबोर्ड’ नावाचे अ‍ॅप तयार केले. फोनचा कॅमेरा रस्त्यावर धरला की ते बसथांब्याची पाटी ओळखते आणि आवाजाच्या चढउताराने ती किती जवळ आहे ते सांगते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 24 दृष्टिहीन प्रवाशांनी शहरातल्या आणि उपनगरातल्या थांब्यांवर ते वापरून पाहिले. नुसत्या गुगल मॅप्सच्या आधाराने थांब्यापाशी नीट पोचण्याचे प्रमाण 52 टक्के निघाले, अ‍ॅपच्या मदतीने ते 93 टक्क्यांवर गेले. नकाशाने ज्या जागी आणून सोडले तिथून प्रत्यक्ष पाटी सरासरी सात मीटर लांब होती. अ‍ॅपने हे अंतर दोन मीटरच्या आत आणले.

सात मीटर म्हणजे फार नव्हे, असे चालत्या-फिरत्या डोळस माणसाला वाटेल. पण सात मीटर अलीकडे उभ्या राहिलेल्या, हातात पांढरी काठी असलेल्या माणसाकडे पाहून ड्रायव्हरला हा प्रवासी आपल्या गाडीची वाट पाहतो आहे असे वाटत नाही; तो गाडी पुढे काढतो. उपग्रहावरून जागा ओळखण्याच्या पद्धतीत मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची चूक राहते आणि दाटीवाटीच्या उंच इमारतींमध्ये ती वाढते. बॉस्टनच्या अभ्यासातून मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. कॅमेऱ्याने इतके चांगले काम केले, कारण त्या शहरात थांब्याची पाटी एकाच आकाराची, एकाच रंगाची आणि ठरलेल्या जागी असते. आपल्याकडे थांबा म्हणजे कुठे जाहिरातीने मढवलेली शेड, कुठे गंजलेला खांब, कुठे रस्ता रुंद करताना उखडलेल्या खांबाची आठवण, आणि बऱ्याच गावांत तर ‘त्या वडापाशी गाडी थांबते’ एवढी लोकांची सवय. या सवयीचा फोटो घेऊन कोणते यंत्र काय शिकणार? हुशार फोनलाही शेवटी सार्वजनिक जागेतल्या शिस्तीचाच आधार लागतो. ती शिस्त नसेल तिथे तो हुशार राहत नाही.

फोनवर विसंबण्यात आणखी एक धोका आहे आणि तो घडून गेलेला आहे. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये ‘साउंडस्केप’ नावाचे अ‍ॅप काढले होते. चालणाऱ्याच्या डाव्या-उजव्या कानात आजूबाजूच्या जागांची नावे त्या-त्या दिशेने ऐकवण्याची त्याची पद्धत दृष्टिहीन वापरकर्त्यांना मनापासून आवडली होती. कंपनीने 2023 मध्ये ते बंद केले. आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, म्हणून तिच्यावर आधारलेली काही अ‍ॅप इतरांनी पुढे चालू ठेवली, हे चांगले झाले. तरी ज्याच्या भरवशावर एखाद्याने आपला रोजचा रस्ता बसवला ते साधन एका कंपनीच्या प्राधान्यक्रमावर अवलंबून होते, ही वस्तुस्थिती उरतेच. पदपथ कुणी असा बंद करत नाही. वाट दाखवणारी सोय ही पदपथाच्या जातीची वस्तू आहे. तिला मालक सार्वजनिक हवा आणि तिच्या देखभालीसाठी कुणाला तरी जाब विचारता यायला हवा.

असा मालक असला की काय होते याचे माझ्या माहितीतले उत्तम उदाहरण चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. तिथे 1990च्या दशकापासून एक साधी व्यवस्था उभी राहत गेली. दृष्टिहीन माणसाजवळ सहा बटणांचे छोटे यंत्र असते. ते खिशात ठेवता येते किंवा पांढऱ्या काठीच्या मुठीतच बसवलेले असते. ट्राम किंवा बस आली की एक बटण दाबायचे. गाडीच्या बाहेरच्या अंगाला लावलेला कर्णा गाडीचा नंबर आणि ती कुठे जाते ते मोठ्याने सांगतो. दुसरे बटण दाबले की ड्रायव्हरच्या कानावर सूचना जाते की दृष्टिहीन प्रवासी चढणार आहे, म्हणजे तो दार उघडे ठेवतो आणि घाई करत नाही. याच यंत्राने मेट्रोच्या प्रवेशद्वारांवर आणि काही सार्वजनिक इमारतींवर लावलेले ध्वनिदर्शकही बोलते होतात, त्यामुळे जिना कुठून सुरू होतो ते कळते. सगळीकडे रेडिओलहर एकच. इंटरनेट नको, नकाशा नको, दरवर्षी नवा फोन नको. डोळस प्रवासी एका नजरेत जे तीन प्रश्न उरकतो, त्यांतला पहिला या यंत्राने नंबर ऐकून सुटतो, दुसरा आवाजाच्या दिशेने आणि तिसरा ड्रायव्हरला मिळालेल्या सूचनेने. तीनही उत्तरे गाडीकडून येतात. गाडीलाच ती ठाऊक असतात.

भारतात हे कुणाला सुचले नाही असे नाही. आयआयटी दिल्लीच्या असिस्टेक प्रयोगशाळेने आधी अडथळ्यांची चाहूल कंप पावून देणारी ‘स्मार्टकेन’ ही काठी विकसित केली. ती 2014 मध्ये बाजारात आली आणि तिची किंमत परदेशी यंत्रांच्या मानाने फारच कमी होती. त्याच गटाने बससाठी ‘ऑनबोर्ड’ नावाची जोडयंत्रणा तयार केली. प्रवाशाजवळच्या यंत्राचे बटण दाबले की परिसरातल्या गाड्यांचे नंबर त्याला ऐकू येतात. त्यातला हवा तो निवडला की त्या गाडीच्या दाराजवळचा कर्णा बोलू लागतो आणि त्याच्या आवाजाच्या रोखाने दारापर्यंत जाता येते. आपल्या रस्त्यांसाठी हे फार विचाराने केलेले आहे, कारण आपल्याकडे एका वेळी तीन-तीन गाड्या लागतात, त्या एकमेकींच्या मागे उभ्या राहतात आणि दार नेमके कुठे येईल याचा भरवसा नसतो. दिल्लीत डीटीसीच्या आणि मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांवर तिच्या चाचण्या झाल्या. 2025 मध्ये कर्नाटकाच्या परिवहन महामंडळाने मैसूर शहरातल्या 200 गाड्यांवर ‘ध्वनी स्पंदन’ या नावाने अशी यंत्रणा सुरू केली. मुंबईत मात्र हा विषय चाचणीच्या पुढे गेला नाही.

चाचणी यशस्वी होते आणि सेवा सुरू होत नाही, हे आपल्याकडे इतक्यांदा घडते की त्यामागचे कारण नीट पाहायला हवे. पैशाचे कारण लगेच पुढे केले जाते. मला वाटते या बाबतीत चाचणीची कल्पनाच चुकीच्या जागी उभी आहे. समजा, एका मार्गाच्या पंचवीस गाड्यांना कर्णे लावले. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाने बटण दाबले आणि उत्तर आले नाही, तर त्याने काय समजावे? गाडी आलेली नाही? आली आहे पण दुसऱ्या मार्गाची आहे? त्याच मार्गाची आहे, पण आज डेपोतून बदली गाडी निघाली आणि तिला यंत्र नाही? की आपल्याच यंत्राची बॅटरी संपली? जिथे सगळ्या गाड्या बोलतात तिथेच एखादीच्या न बोलण्याला अर्थ असतो. थोड्या गाड्यांवरचे यंत्र प्रवाशाला अनिश्चिततेतून बाहेर काढत नाही, त्या अनिश्चिततेत एक भर घालते. मग वापर कमी होतो, वापर कमी म्हणून मागणी नाही असा शेरा पडतो आणि फाइल मिटते. रस्त्यावरचा दिवा चाचणीपुरता एकाच खांबावर लावून लोक अंधारात फिरतात का हे कुणी तपासत नाही. सर्व गाड्यांवर असणे हा या तंत्रज्ञानाचा विस्तार नव्हे, त्याचा मूळ घटकच आहे. मैसूरचे 200 गाड्यांचे पाऊल मला यासाठी महत्त्वाचे वाटते: तिथे एका मार्गापुरता विचार न करता शहराचा विचार झाला.

रेल्वेकडे पाहिले तर हाच मुद्दा दुसऱ्या अंगाने दिसतो. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांचा राखीव डबा जिथे येतो त्या जागी फलाटावर बीप-बीप असा आवाज करणारे यंत्र लावलेले असते. वाट दाखवणाऱ्या यंत्रात याहून साधे काय असणार. पण रोज लाखोंच्या लोंढ्यातून वाट काढत त्या आवाजाच्या रोखाने जाऊन उभे राहिलेले प्रवासी कामावर पोचतात. हे यंत्र चालते, कारण त्यामागे एक वचन आहे: गाडी ठरलेल्या जागीच थांबेल आणि तो डबा इथेच येईल. बीपर बंद पडला, किंवा डब्यांची संख्या बदलल्याने गाडी पुढेमागे थांबली, तर ते वचन मोडते. गाडीतल्या उद्घोषणेचेही तसेच. ‘पुढील स्टेशन’ हे शब्द एका स्टेशनाने मागे किंवा पुढे सरकले, तर डोळस प्रवासी खिडकीबाहेर पाहून दुरुस्ती करून घेतो. ज्याने त्या आवाजावर विश्वास ठेवला तो भलत्याच फलाटावर उतरतो, आणि तिथल्या जिन्याची बाजू, पुलाची दिशा, फलाटाची रुंदी यातले काहीच त्याच्या मनातल्या नकाशाशी जुळत नाही. चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षा घातक ठरते ती अशी.

फलाटाच्या बाबतीत जपानचा अनुभव फार बोलका आहे. पायाला कळणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये तयार केल्या आणि 18 मार्च 1967 रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा. ही लिपी आज जगभर आहे. दिल्ली मेट्रोपासून आपल्या नव्या स्थानकांपर्यंत सगळीकडे ती दिसते. पण ज्या देशाने ती जगाला दिली तिथल्या दृष्टिहीनांमध्ये रेल्वेच्या फलाटाला ‘कठडा नसलेला पूल’ म्हणतात. 2011 मध्ये तिथल्या अंधांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक आयुष्यात कधी ना कधी फलाटावरून रुळांवर पडलेले निघाले. ऑगस्ट 2016 मध्ये टोकियोच्या आओयामा-इत्चोमे स्थानकात मार्गदर्शक श्वान सोबत असलेला एक प्रवासी फलाटावरून पडून गाडीखाली सापडला. फलाटावर पिवळ्या पट्ट्या होत्या. प्रशिक्षित कुत्रा होता. त्या मृत्यूनंतर जपानमध्ये फलाटाच्या कडेला दारे बसवण्याच्या कामाला जोर आला. मुंबईत मेट्रोच्या 2अ आणि 7 या मार्गिकांवर अर्ध्या उंचीची आणि मेट्रो 3च्या भुयारी स्थानकांत पूर्ण उंचीची दारे सुरुवातीपासून आहेत, आणि दृष्टिहीन प्रवाशासाठी या शहरात झालेले ते सर्वांत मोठे काम आहे, भले ते त्या हेतूने झालेले नसो. दार कुठे आहे हे हाताने चाचपता येते आणि चुकले तरी खाली पडता येत नाही. इथेही उत्तर प्रवाशाच्या काठीत किंवा फोनमध्ये सापडले नाही. फलाट बदलावा लागला.

पिवळ्या फरशांचे आपल्याकडे काय झाले ते मात्र दुःखद आहे. पदपथावर त्या बसवल्या जातात, कारण निविदेत लिहिलेले असते. मग त्या पट्ट्या थेट विजेच्या खांबात जाऊन शिरतात, झाडाच्या आळ्यात संपतात, फेरीवाल्याच्या पथारीखाली जातात, आणि पदपथ पुन्हा खोदला की रेघांच्या जागी ठिपके आणि ठिपक्यांच्या जागी रेघा बसतात. काम करणाऱ्या गवंड्याला ही एक लिपी आहे हे कुणी सांगितलेले नसते. त्याच्या दृष्टीने ती नक्षी. त्याला दोष देता येत नाही. काम तपासून बिल मंजूर करणाऱ्या अभियंत्याला मात्र देता येतो.

आता खर्चाचा आक्षेप. परिवहन उपक्रम तोट्यात आहेत, गाड्या कमी आहेत, असलेल्या गाड्यांची दुरुस्ती होत नाही, अशा वेळी कर्ण्यांची चैन कशी परवडावी, असे कुणी प्रामाणिकपणे विचारू शकतो. गाड्या कमी असण्याचा त्रास दृष्टिहीन प्रवाशालाही होतो, किंबहुना जास्त होतो, कारण टॅक्सी आणि स्वतःचे वाहन हे पर्याय त्याला बहुधा नसतात. पण नव्या बसमध्ये ठावठिकाणा कळवणारे यंत्र, दिव्यांच्या पाट्या आणि बऱ्याचदा आतला उद्घोषणेचा संच आधीच असतो. म्हणजे गाडीला आपण कोण आणि कुठे आहोत हे कळते. तिने ते बाहेरच्या माणसाला सांगायचे तेवढे राहते. शिवाय हे कर्तव्य यंत्राशिवायही पार पाडता येते. अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याखाली 1991 मध्ये परिवहन खात्याने जे नियम केले, त्यांत असे लिहिले आहे की एकाच थांब्यावर एकाहून अधिक मार्गांची वाहने येत असतील तर दृष्टिहीन प्रवाशाला योग्य वाहन ओळखता येईल, किंवा ड्रायव्हरला हा प्रवासी ओळखता येईल, अशी काहीतरी सोय सेवा चालवणाऱ्याने केलीच पाहिजे. कोणते यंत्र वापरा ते सांगितलेले नाही. ड्रायव्हरने दार उघडून तोंडाने नंबर सांगितला तरी चालेल. कर्तव्य आधी ठरले, साधने मागून आली. ब्रिटनने 2023 मध्ये बसच्या आत मार्ग आणि पुढचा थांबा ऐकू येईल व दिसेल अशी सोय करण्याचे नियम केले आणि गाडीच्या वयाप्रमाणे मुदती आखून दिल्या: 2019 नंतर रस्त्यावर आलेल्यांना ऑक्टोबर 2024, त्याआधीच्या बहुतेकांना 2025 आणि 2026. जुन्या गाड्यांचा प्रश्न असाही सोडवता येतो. आपण नेमके उलटे करतो. आधी यंत्र शोधतो, त्याचे उद्घाटन करतो आणि कर्तव्य कुणाचे ते मोघम ठेवतो.

हा मोघमपणा किती खोलवर गेला होता ते सर्वोच्च न्यायालयाच्या 8 नोव्हेंबर 2024च्या निकालात स्पष्ट झाले. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने रस्ते, वाहतूक आणि सार्वजनिक जागा सुगम व्हाव्यात म्हणून 2005 मध्ये याचिका केली होती. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचे शब्द सक्तीचे आहेत, पण त्याखालच्या 2017च्या नियमांतला पंधरावा नियम ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो ती केवळ शिफारशीच्या भाषेत आहेत, असे न्यायालयाला आढळले. कायदा सक्ती करतो आणि नियम ती ऐच्छिक करून टाकतो, हे चालणार नाही, असे म्हणून तो नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान, अनिवार्य मानके वेगळी काढून तीन महिन्यांत नवे नियम करा, असे केंद्राला सांगितले. बसच्या बाहेरचा आवाज हा अशा किमान मानकांत बसायला हवा. तो अनिवार्य असेल तरच सर्व गाड्यांवर येईल, आणि सर्व गाड्यांवर आला तरच उपयोगी पडेल.

आवाजाचाही आक्षेप आहे. शहरात आधीच एवढा गोंगाट, त्यात प्रत्येक बस ओरडू लागली तर? प्रागच्या आणि आयआयटीच्या यंत्रणेत गाडी विचारल्याशिवाय बोलत नाही, तेव्हा हा आक्षेप तिथेच बराच ढिला पडतो. पण मला पुढे जाऊन म्हणायचे आहे की वाहनाने ठिकाण पुकारणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वडापवाल्याने गावांची नावे पुकारली नाहीत तर त्याची जीप भरणार नाही. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक माइकवरून गाडी, ठिकाण आणि फलाट क्रमांक सांगतो. कंडक्टर दारात उभा राहून ‘स्वारगेट, स्वारगेट’ करतो. या आवाजांवर दृष्टिहीनच नव्हे, वाचता न येणारे, चष्मा घरी विसरलेले, परमुलखातून आलेले असे कितीतरी लोक प्रवास करत आले आहेत. 2011च्या जनगणनेनुसार राज्यातली साक्षरता 82.3 टक्के होती. उरलेल्यांना गाडीची पाटी दृष्टी असूनही परकीच. कंडक्टरविना धावणाऱ्या वातानुकूलित बसमध्ये दारातला तो आवाज गेला आणि त्याच्या जागी दिव्यांची पाटी आली. डोळसांच्या दृष्टीने ही सुधारणा झाली, दृष्टिहीनांच्या दृष्टीने होते तेही गेले.

त्यात विद्युत बसचा प्रश्न वेगळा आहे. डिझेलचे इंजिन लांबून ऐकू यायचे. गाडी आली, थांबली, निघाली हे त्यावरून कळायचे. विद्युत बस कमी वेगात जवळजवळ नि:शब्द असते. युरोपीय संघाने 2019 पासून नव्या प्रकारच्या आणि 2021 पासून सर्व नव्या विद्युत वाहनांना कमी वेगात कृत्रिम आवाज करणे बंधनकारक केले. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेही सप्टेंबर 2025 मध्ये तसा मसुदा काढला. तो लवकर लागू व्हावा. मात्र त्या आवाजाने गाडी आली एवढेच कळेल, कोणती आली ते कळणार नाही.

‘शेजारच्याला विचारावे की, लोक सांगतात,’ हे मी सर्वांत जास्त ऐकलेले उत्तर आहे, आणि त्यात खोटे काही नाही. मुंबईचा प्रवासी घाईत असला तरी हात धरून रस्ता ओलांडून देतो. पण थांब्यावर कुणी नसेल तर? रात्री साडेनऊला एकट्या उभ्या असलेल्या दृष्टिहीन तरुणीने आपण कुठे चाललो आहोत हे दर वेळी अनोळखी माणसाला सांगावे का? विचारलेल्या माणसाची स्वतःची गाडी आली आणि तो निघून गेला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मदत ही माणुसकी आहे आणि ती राहणारच. परंतु जी गोष्ट महापालिकेच्या सेवेचा भाग असायला हवी ती प्रवाशाने रोज चार वेळा दुसऱ्याच्या चांगुलपणाकडून मागून घ्यावी, ही अपेक्षा आपण इतर कुठल्याही नागरिकाकडून करत नाही.

सर्वांत नवा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. चष्म्यातला कॅमेरा आता समोरचे दृश्य वर्णन करून सांगतो, पाटी वाचतो, मग गाडीवर वेगळे यंत्र कशाला? स्पेनमधली ‘नॅव्हिलेन्स’ ही रंगीत चौकटींची खूण याच दिशेने विचार करते, आणि चांगला विचार करते: फोन नेमका रोखून न धरताही ती लांबून वाचता येते, बार्सिलोनाच्या मेट्रोत आणि बसथांब्यांवर ती लावलेली आहे. पण तिथेही खूण लावण्याचे काम वाहतूक संस्थेनेच केले. नुसत्या चष्म्याच्या भरवशावर राहायचे तर धो धो पावसात, लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या पाटीवर, पुढच्या गाडीआड अर्ध्या झाकलेल्या आकड्यांवर कॅमेऱ्याने अंदाज बांधायचा, आणि तो चुकला तर माणूस दुसऱ्याच उपनगरात जाणार. गाडीला स्वतःचा नंबर पक्का माहीत आहे. तो तिने सांगायचा सोडून हजारो प्रवाशांनी महागडी यंत्रे विकत घेऊन ओळखत बसावे, हा द्राविडी प्राणायाम आहे. ज्याला असा चष्मा परवडतो त्याने तो जरूर घ्यावा. बसने जाणाऱ्या बहुसंख्य दृष्टिहीनांना तो आज परवडत नाही.

हे सगळे ठरवण्याची संधी नेमकी आत्ता आहे. गाड्या आता उपक्रम स्वतः फारशा विकत घेत नाहीत. खासगी कंत्राटदाराच्या गाड्या किलोमीटरमागे दर ठरवून चालवल्या जातात. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेतून देशभर 10,000 विद्युत बस अशाच पद्धतीने यायच्या आहेत आणि त्यांच्या संचालनाला 10 वर्षे केंद्राचे पाठबळ आहे. म्हणजे करारात जे लिहिले जाईल ते पुढची दहा वर्षे रस्त्यावर राहील, आणि जे राहून जाईल ते नंतर घालणे महाग पडेल. मी मागतो ते कलम लांबलचक नाही. दाराजवळ बाहेरच्या बाजूला कर्णा. मार्ग क्रमांक आणि शेवटचा थांबा मराठीत. सर्व शहरांत एकाच रेडिओलहरीवर चालणारी यंत्रणा, म्हणजे नागपूरच्या प्रवाशाचे यंत्र कोल्हापुरात मुके होणार नाही. चढणाऱ्या प्रवाशाची सूचना ड्रायव्हरला. गाडी थांब्यालाच, पदपथाला लागून थांबेल ही अट. आणि कर्णा बंद असलेली गाडी डेपोतून बाहेर पडली तर दिवा बंद असलेल्या गाडीइतकाच दंड. तपासणी दर महिन्याला व्हावी आणि ती दृष्टिहीन प्रवाशांकडून, रीतसर मानधन देऊन करून घ्यावी. कारण कर्णा वाजतो की नाही हे डेपोतला निरीक्षकही सांगू शकेल, पण पावसाळ्यातल्या संध्याकाळी तीन गाड्या एकामागे एक लागल्या असताना त्या आवाजाच्या रोखाने दार सापडते की नाही, हे त्यांनाच सांगता येईल.